बेटावर जाताय? आधी पाण्याची वेळ बघा

सकाळी सात वाजता माणसं खोलीचं दार उघडून समुद्राकडे धावत येतात आणि पायरीवरच थबकतात. काल संध्याकाळी त्या पायरीपर्यंत आलेलं निळं पाणी आता नाहीच. समोर लांबच लांब ओली वाळू, शेवाळलेले खडक, मधूनमधून डबकी आणि एका कुशीवर कलंडलेल्या होड्या. ‘समुद्र कुठे गेला?’ अकरा वर्षं मी उष्ण कटिबंधातल्या वेगवेगळ्या बेटांवर स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं) आणि डायव्हिंग (पाठीला हवेची टाकी लावून खोल जाणं) यांची गाइड म्हणून काम केलं आणि हा प्रश्न शेकडो वेळा ऐकला. विचारणाऱ्याचा उतरलेला चेहरा मला दर वेळी टोचायचा, कारण ही निराशा सहज टळण्यासारखी होती. पाच दिवसांची सुट्टी, वर्षभर साठवलेले पैसे आणि पोहायचा बेत नेमका ओहोटीच्या तोंडावर. त्याहून वाईट म्हणजे, जिवावर बेतलेले जेवढे प्रसंग मी जवळून पाहिले, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशीही हेच होतं. पाण्याची वेळ कुणी बघितलीच नव्हती.

म्हणून टोपी, चपला, पोहायचे कपडे यांची यादी करायच्या आधी हे वाचा.

भरतीचं वेळापत्रक

ज्या बेटावर जायचंय त्याच्या नावानं भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर शोधलं की मिळतं. ते खोली ठरवण्याआधी उघडा. त्यात दोन गोष्टी बघायच्या, वेळ आणि उंची.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आज भर दुपारी बाराला काठोकाठ पाणी असेल, तर आठवड्यानं दुपारी बाराला तिथे ओहोटी असणार. मैत्रिणीनं गेल्या आठवड्यात टाकलेला फोटो खरा असतो, पण तो तिच्या आठवड्याचा असतो.

उंचीचं गणित चंद्राशी बांधलेलं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि ओसरतं तेव्हा तितकंच लांब जातं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, चढउतार कमी, ओढही कमी. लहान मुलं किंवा वयस्क माणसं बरोबर असतील, तर मी भांगाचे दिवस निवडायला सांगते. डबक्यांमधले तारामासे, खेकडे, छोटे मासे निवांत बघायचे असतील तर उधाणाच्या दिवसांतली सकाळची ओहोटी गाठा. त्यासारखी शाळा मुलांना दुसरीकडे मिळायची नाही.

हा चढउतार सगळीकडे सारखा नसतो. झांझिबारला उधाणाच्या दिवशी तो चार मीटरच्या घरात जातो आणि बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पाणी शेकडो मीटर मागे सरतं. तिथे काही तास पोहणं विसरायचं आणि चालायला निघायचं. मालदीवमध्ये तो साधारण एक मीटर. कॅरिबियनमधल्या बहुतेक बेटांवर त्याहूनही कमी, तिथे भरती-ओहोटी पटकन लक्षातही येत नाही. खोलीच्या जाहिरातीत ‘समुद्र दाराशी’ असं लिहिलेलं असतं. तो दाराशी किती वाजता असतो, हे वेळापत्रकच सांगतं.

आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवा. पाणी सहा तासांत चढतं, पण एकाच चालीनं नाही. पहिल्या तासात एकूण वाढीचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढून जातं. एकदा एक जोडपं सहा वर्षांच्या मुलाला घेऊन ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूच्या दांड्यावर चालत गेलं. जाताना मधल्या ओघळात घोटाभर पाणी होतं. त्यांनी तासभर शिंपले बघितले, फोटो काढले. पाणी हळूच वाढतंय हे बापाच्या लक्षातही आलं होतं, पण ते तसंच हळू वाढत राहील असं त्याला वाटलं. परत फिरले तेव्हा तोच ओघळ आईच्या छातीपर्यंत होता आणि आडवा वाहत होता. आम्ही होडी काढून त्यांना आणलं. मुलाला काही झालं नाही, पण त्याच्या आईचे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. वाळूच्या दांड्यावर जायचं असेल तर ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरलं की लगेच परत या.

वेळापत्रक माहीत असण्याचा एक उपयोग फार क्वचित होतो, पण तो सगळ्यात मोठा. ओहोटीची वेळ नसताना समुद्र अचानक मागे सरला, किंवा किनाऱ्यावर असताना जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, तर सामान उचलायला थांबायचं नाही. उंचावर पळायचं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियाचं सिमेउलुए बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. तिथे १९०७ मध्येही अशीच लाट आली होती आणि त्या लाटेची ‘स्मोंग’ नावानं सांगितलेली हकिकत आजीकडून नातवंडांकडे पोचत राहिली होती. जमीन हलली, पाणी हटलं, की डोंगर गाठायचा. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सातच माणसं दगावली.

कोणती बाजू, कोणता महिना

बेटाला दोन तोंडं असतात, एक वाऱ्याकडचं आणि एक आडोशाचं. वाऱ्याकडे लाटा, पाऊस, गढूळ पाणी. आडोशाला शांत आणि नितळ. मोसम बदलला की कित्येक ठिकाणी ही तोंडंही बदलतात, म्हणून नुसतं बेट ठरवून भागत नाही, किनारा ठरवावा लागतो. थायलंडमध्ये फुकेतला पाऊस मे ते ऑक्टोबर असतो, तर पलीकडच्या आखातातल्या को समुईला जोराचा पाऊस साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. एकाच देशात, एकाच महिन्यात एकीकडे ऊन आणि दुसरीकडे झोडपणारा पाऊस. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल कोरडा. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, म्हणजे कॅरिबियनची स्वस्तातली तिकिटं का स्वस्त असतात ते कळतं. मॉरिशस, रियुनियनच्या बाजूला वादळं नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये येतात.

आडोशाच्या शांत पाण्यातही एक धोका लपलेला असतो. तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हवा भरलेली गादी, टायर, फुगवलेला हंस असल्या वस्तू त्या वाऱ्यानं कागदासारख्या बाहेर जातात आणि वरचं पाणी गुळगुळीत असल्यानं काठावरच्या कुणाला काही चुकतंय असं वाटत नाही. मुलांना त्यावर बसवायचंच असेल तर दोरीचं दुसरं टोक मोठ्या माणसाच्या हातात हवं. दंडाला लावायचे फुगेही जीव वाचवण्यासाठी नसतात. लहान मूल पाण्यात असेल तेव्हा ते तुमच्या हाताच्या अंतरावर हवं, मग पाणी गुडघाभर का असेना.

पाण्यात उतरताना

कुठल्याही नव्या किनाऱ्यावर पोचल्यावर मी दहा मिनिटं नुसती उभी राहून बघते. लाटा कुठे फुटतात आणि कुठे फुटत नाहीत? दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत दिसणारा पट्टा, हे चित्र दिसलं की नवखा माणूस नेमका त्या शांत पट्ट्यात उतरतो. तो रिप करंट असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी त्या वाटेनं परत बाहेर जातं. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वरही जाऊ शकतो आणि तेवढ्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकचा पोहणाराही टिकत नाही. तरी हा प्रवाह खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतो. माणसं बुडतात ती किनाऱ्याच्या दिशेनं झुंजून दमल्यामुळे. सापडलात तर उताणे व्हा, तरंगत राहा, हात वर करून मदत मागा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून फेसाळ लाटांच्या बाजूला या, त्याच लाटा तुम्हाला आत आणतील.

प्रवाळाच्या भिंतीनं वेढलेल्या उथळ खाडीसारख्या पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये, लाटा नसतात. तिथे जपायचं ते भिंतीतल्या खिंडीपासून. ओहोटी लागली की लगूनमधलं सगळं पाणी त्या अरुंद खिंडीतून बाहेर धावतं. माझ्या दुसऱ्या वर्षी एका धडधाकट पोहणाऱ्याला मी तिथूनच होडीत ओढून घेतलं. मासे बघत मान खाली घालून तो तरंगत होता आणि आपण सरकतोय हे त्याला वीस मिनिटं कळलंच नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगते: किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा धरा, एक जवळची आणि एक तिच्या मागची. एखादा माड आणि त्यामागचं छप्पर, असं काही. पाण्यात दर दोन-तीन मिनिटांनी मान वर काढून बघा. खुणा एका रेषेतून सुटल्या तर तुम्ही वाहताय.

लगूनमध्ये जायची उत्तम वेळ म्हणजे भरती पूर्ण व्हायच्या आधीचा तास. प्रवाह मंदावलेला असतो, बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि पोटाखाली प्रवाळापासून पुरेसं अंतर असतं.

आता पाण्यातल्या चष्म्याबद्दल, म्हणजे मास्कबद्दल, थोडं सविस्तर सांगते, कारण निम्म्या लोकांचा पहिला अनुभव चष्म्यापायीच बिघडतो. मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, पट्टा डोक्यामागे न घालता. नाकानं हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. पडला तर दुसरा मागा, लाजू नका, दहा बघावे लागले तरी बघा. केसांची एक बट कडेत अडकली तरी पाणी झिरपतं. मिशी असेल तर वरच्या ओठाजवळ थोडं व्हॅसलीन लावा. पट्टा करकचून आवळल्यानं गळती थांबत नाही, उलट वाढते. काचेच्या आतून थुंकी चोळून एकदा पाण्यात विसळली की धुकं धरत नाही. किळस वाटली तरी आम्ही सगळे हेच करतो.

मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, फक्त चेहरा बुडवून, तोंडानं नळीतून दहा संथ श्वास घ्या. पहिले तीन-चार श्वास घाबरे असतात. ते शांत झाल्याशिवाय पाय उचलू नका. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घाला आणि येत असेल तरीही पहिल्या दिवशी घाला. हवाईमध्ये पाहुण्यांच्या समुद्रातल्या बुडून मृत्यूंत स्नॉर्केलिंग करतानाचे मृत्यू सर्वाधिक असतात आणि ते पुष्कळदा शांत, उथळ पाण्यातले असतात. हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. एकट्यानं उतरू नका. श्वास रोखून खोल बुडी मारायची हौस असेल तर आधी भराभर श्वास घेऊन छाती भरू नका. त्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही, ‘श्वास हवा’ अशी शरीराची हाक तेवढी उशिरा येते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो.

प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभे राहू नका. दिसतो दगडासारखा, पण तो लाखो सूक्ष्म जीवांनी बांधलेला असतो. घुमटासारखे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर दोनेक सेंटिमीटर वाढतात. फिनचा, म्हणजे पायात घालायच्या रबरी वल्ह्याचा, एक फटका बसून तुटलेला तुकडा तुमच्या वयापेक्षा जुना असू शकतो. आधीच त्यांच्यावर संकट आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानाहून एखादा अंश जास्त तापून तसंच राहिलं, की प्रवाळ पांढरे पडतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या अशा विरंजनाची चौथी लाट जाहीर झाली. मी ज्या भिंतीवर पहिल्यांदा उतरले तिचा जांभळा भाग आता राखाडी आहे आणि तो बघायला मला अजून जड जातं. तुम्हालाही अंगाला कापेल ते वेगळंच. प्रवाळानं झालेली जखम बारीक दिसते पण चिघळते. माझ्या नडगीवरची एक सहा आठवडे भरली नव्हती, कारण मी ती पहिल्या दिवशी नीट धुतली नाही. स्वच्छ पाणी आणि साबणानं चोळून धुवा, आतले कण काढा, जंतुनाशक लावा, आणि सुकेपर्यंत समुद्र बंद.

ऊन

विषुववृत्ताजवळ दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर सहज जातो. ढग असले तरी भाजतं. सगळ्यात जास्त भाजतात ते स्नॉर्केलिंग करणाऱ्यांचे पोटऱ्यांचे मागचे भाग आणि मान, कारण पाण्यात गार वाटत राहतं. क्रीमपेक्षा मी पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट आणि लांब तंग विजार यांवर जास्त विसंबते. ते धुऊन जात नाहीत. उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा ५० पाण्यात उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि पुन्हा दर दोन तासांनी. ३० सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० सुमारे ९८, तेव्हा आकड्यापेक्षा लावण्याचं प्रमाण महत्त्वाचं. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी ३० मिलिलिटर लागतं. पाच दिवसांत एक छोटी ट्यूब उरली, तर तुम्ही कमी लावलंय.

ट्यूबवरचे घटकही वाचा. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. पॅसिफिकमधल्या पलाऊ देशानं त्याच्या वर्षभर आधी प्रवाळाला घातक ठरवलेली क्रीम बंद केली. झिंक ऑक्साइडचं क्रीम घ्या. डासांचं औषध त्याच्यावर, नंतर लावायचं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे संध्याकाळची वाट बघू नका.

सकाळी साडेदहापर्यंत पाणी, मग सावली, साडेतीननंतर पुन्हा पाणी, हे माझं वेळापत्रक. सावलीसाठी माडाखाली आडवे होण्याआधी वर बघा, नारळ लागलेले असतील तर दुसरी जागा. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारख्या फळांचं. त्याचा चीक त्वचा जाळतो, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी फोड येतात. अनोळखी फळ तोंडात घालायचं नाही.

डंख आणि काटे

पाण्यात जाताना जाड तळव्यांचे समुद्री बूट घाला आणि वाळूवर पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला. वाळूत दडलेला पाकट मासा चाहूल लागून निघून जातो. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीदार शंख जिवंत असेल तर उचलू नका. त्याच्या विषावर उतारा नाही. पाकट, स्टोनफिश किंवा लायनफिशचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पाणी किती गरम आहे ते न दुखणाऱ्या हातानं तपासा, दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. जेलीफिश डसला तर चोळू नका, गोड्या पाण्यानं धुऊ नका. बॉक्स जेलीफिश असलेल्या किनाऱ्यांवर व्हिनेगर ठेवलेलं असतं, ते ओता. कोणता जेलीफिश कोणत्या महिन्यात येतो हे पहिल्याच दिवशी होडीवाल्यांना विचारा. त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

होडी आणि शेवटचा दिवस

बेटांमधला समुद्र सकाळी बहुधा शांत असतो, दुपारी वारा चढतो. बोटीची पहिली फेरी घ्या. मळमळ होत असेल तर गोळी अर्धा-पाऊण तास आधी, बैठक बोटीच्या मध्यापासून मागे, नजर क्षितिजावर. मोबाइल खिशात. विषुववृत्ताजवळ बहुतेक ठिकाणी सूर्य वर्षभर सहाच्या आसपास मावळतो आणि संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, म्हणून दूरच्या किनाऱ्यावर गेला असाल तर पाचला परत फिरा.

डायव्हिंग करणार असाल तर विमानाचं तिकीट समोर ठेवून दिवस आखा. एकच साधी डाइव्ह केली तर विमानाआधी किमान १२ तास, रोज अनेक केल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्यायचे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो आणि विमानातला कमी दाब त्याचे बुडबुडे करू शकतो. मी शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवायला सांगते. प्रवास विमा घेताना त्यात डायव्हिंग आणि बेटावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च येतो का, हेही वाचा.

छोट्या बेटावरून थेट त्याच दिवशीचं विमान धरू नका. वारा सुटला की बोटी बंद होतात आणि त्यापुढे कुणाचं काही चालत नाही. शेवटची रात्र विमानतळाच्या बेटावर काढा. प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालू नका, दगडी प्रवाळाचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे आणि सीमाशुल्काच्या तपासणीत अडकाल. रिकामे शंखही तिथेच राहू द्या. शंखात राहणारे खेकडे वाढले की त्यांना मोठं घर लागतं आणि ते ओहोटीच्या वाळूत शोधत फिरतात. शेवटच्या सकाळी वेळापत्रकात ओहोटी बघा, अर्धा तास आधी जाऊन डबक्याच्या कडेला न हलता बसा. थोड्या वेळानं एखादा शंख चालायला लागतो.